पेनसिल्व्हेनियाचे काका

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी त्यांच्या पाचवीला पुजलेली. मतपेट्यांपासून ईव्हीएमपर्यंत सगळं त्यांनी हाताळलंय. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्या गावात कुठल्या बूथवर कोण दंगा करणार, हे त्यांना आदल्या रात्रीच ठाऊक असायचं. 2020 च्या हिवाळ्यात आई-बाबा माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशुआला आले आणि नेमका तेव्हाच इथं प्रायमरीचा हंगाम. बाहेर बर्फ, घरात बाळाच्या शेकाला शेगडी नाही म्हणून आईची कुरकुर, आणि दर दोन दिवसांनी दारावर कुठल्या ना कुठल्या उमेदवाराचा कार्यकर्ता. बाबांना करमत नव्हतं, त्यांच्या पथ्यावरच पडलं. ते त्या पोरांना पहिला प्रश्न हाच विचारायचे, "हाऊ मच दे पे यू?" बरीच पोरं कॉलेज बुडवून फुकट राबायला आलेली. हे कळल्यावर बाबा हळहळायचे आणि आईला चहा टाकायला सांगायचे.

प्रायमरी म्हणजे काय हे त्यांना समजावणं फार सोपं गेलं. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार यासाठी लोक रात्ररात्र जागतात, मुंबईच्या वाऱ्या करतात, नाही मिळाला तर बंडखोरी करतात. इथं तो एबी फॉर्म पक्षश्रेष्ठींकडे नसतो, मतदारांच्या हातात असतो. राज्याराज्यांतले मतदार आधी पक्षाचा उमेदवार ठरवतात आणि खरी निवडणूक मग नोव्हेंबरात. त्यातही आपली प्रायमरी देशात सगळ्यात आधी झाली पाहिजे, असा न्यू हॅम्पशायरने कायदाच करून ठेवलाय. वस्ती जेमतेम 13-14 लाखांची, पण दर चार वर्षांनी रुबाब बघावा. आमच्या आधी आयोवाचं कॉकस होतं खरं, पण ती सभा. त्या वर्षी तर निकाल कळवायच्या ॲपने असा घोळ घातला की जिंकलं कोण, हे कित्येक दिवस कळेना.

बाबांना सगळ्यात आवडली ती आमची 'अघोषित' मतदारांची सोय. कुठल्याच पक्षात नाव नसलेला माणूस केंद्रावर जातो, दोन्हीपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागतो, मत देतो आणि बाहेर पडता पडता कागदावर सही करून पुन्हा अघोषित होतो.

"म्हणजे पाच मिनिटांचा पक्षप्रवेश!" बाबा म्हणाले. "आमच्याकडे निदान पाच वर्षं तरी थांबतात. म्हणजे, थांबायचे."

मतदानाच्या चार दिवस आधी, 7 फेब्रुवारीच्या शुक्रवारी, डेमोक्रॅटिक पक्षाची डिबेट होती. ठिकाण मँचेस्टरजवळचं सेंट अँसेल्म कॉलेज, आमच्यापासून अर्ध्या तासावर. मी ओली बाळंतीण, घर सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मंडळी आमच्याकडेच जमली. आईने मिसळ केली होती. मंचावर सात जण : बायडेन, सँडर्स, वॉरन, पीट बूटिजज, एमी क्लोबुशार, अँड्र्यू यँग आणि आपल्या पैशांवर उभे राहिलेले टॉम स्टायर. तोंड उघडताच बायडेन म्हणाले की आयोवात मला फटका बसला, इथेही बहुधा बसेल. बाबांनी चमचा खाली ठेवला. "मतदानाच्या आधी हरलो म्हणून सांगणारा उमेदवार मी आजवर बघितला नव्हता."

आमच्या दिवाणखान्याचं सांगते. डोळे सगळ्यांचे टीव्हीकडे होते, पण प्रत्येक जण बोलत होता ते दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीने. सँडर्स आरोग्य विम्यावर बोलले की कुणीतरी म्हणायचं, "बरोबर आहे, पण लोकांना झेपायचं नाही." बूटिजज बोलले की, "हुशार आहे, पण नवऱ्याला घेऊन व्यासपीठावर उभा राहिला तर लोक काय म्हणतील?" वॉरन बोलल्या की, "मुद्द्याचं बोलते, पण मास्तरीण वाटते ना." हे शेवटचं वाक्य माझ्या एका मैत्रिणीचं, जी स्वतः कॉलेजात शिकवते. आपल्याला काय वाटतं, हे कुणी बोलेचना. स्थळ बघायला गेल्यावर मुलगी आवडली की नाही ते बाजूलाच राहतं आणि गावाकडच्या आत्याला ती कशी वाटेल याची चर्चा सुरू होते, तसलाच प्रकार.

आमच्या त्या आत्याबाईंचा पत्ताही ठरलेला होता. 2016 मध्ये ट्रंप पेनसिल्व्हेनियात सुमारे 44 हजार, विस्कॉन्सिनमध्ये 23 हजारांच्या आत आणि मिशिगनमध्ये 11 हजारांच्या आत मतांनी जिंकले. तिन्हींची बेरीज 78 हजारांच्या आसपास. इचलकरंजीच्या एका कोपऱ्यात एवढे मतदार सापडतील. तेवढ्या मतांनी अमेरिकेचा अध्यक्ष ठरला आणि तेव्हापासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रत्येक समर्थकाच्या डोक्यात एक माणूस मुक्कामाला आला. गोरा, साठीचा, पूर्वी कारखान्यात कामाला असलेला, 2012 ला ओबामांना आणि 2016 ला ट्रंपना मत दिलेला. आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्याचं बारसं केलं : पेनसिल्व्हेनियाचे काका. त्या रात्री दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणत होतं, काकांना चालेल का?

गंमत अशी की काका शोधायला पेनसिल्व्हेनियाला जायची गरजच नव्हती. न्यू हॅम्पशायरमध्ये 2016 ला हिलरी क्लिंटन तीन हजारांहूनही कमी मतांनी निसटून जिंकल्या होत्या. म्हणजे काठावरचं राज्य आम्हीच. आणि आमच्या समोरच्याच घरात एक काका राहत होते. वीज कंपनीतून निवृत्त, अघोषित मतदार, दरवर्षी बर्फ साफ करायचं त्यांचं यंत्र सगळ्यांच्या आधी सुरू होणार. रविवारी बाबा आणि मी बाळाला ऊन दाखवायला बाहेर आलो होतो तेव्हा ते फाटकाशी आले. मी विचारलं, "डिबेट बघितलीत?"

बघितली होती. यंदा डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेणार म्हणाले. वॉरन आवडल्या होत्या, कारण बँकांना धरते. मग थांबून, जरा अवघडून म्हणाले, "पण तुमच्यासारखी मंडळी, म्हणजे बाहेरून आलेली, शिकलेली, कमावती… ती तिला मत देतील का? श्रीमंतांवर कर लावायचं म्हणते ती. म्हणून मी बायडेनचा विचार करतोय."

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा एवढ्या मोठ्याने हसले की बाळ दचकलं. आम्ही चार महिने यांच्या मनाचा अंदाज बांधत बसलेलो आणि हे आमच्या मनाचा. शिवाय संपत्ती करासाठी वॉरन यांची रेघ पाच कोटी डॉलरवर होती. त्या रेघेपर्यंत पोचायला आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना मिळून पुढचे दोन-तीन जन्म लागले असते. मी त्यांना ते सांगितलं. "असं होय," म्हणाले, आणि यंत्राकडे वळले.

प्रायमरीतल्या मतदाराला आपण उगाच मतदार म्हणतो. तेवढ्यापुरता तो पक्षश्रेष्ठी होतो, आणि श्रेष्ठींचं जे होतं तेच त्याचंही. आवडीचा माणूस मागे पडतो, 'निवडून येईल' तो पुढे येतो. आपल्याकडे याला इलेक्टिव्ह मेरिट म्हणतात. बाबांनी त्या रात्री विचारलं होतं, "आमच्याकडे इलेक्टिव्ह मेरिट म्हणजे पैसा, जात आणि किती सोसायट्या हातात आहेत. तुमच्याकडे काय?" कुणालाच धड सांगता आलं नाही. सांगणार काय? आपल्याकडचे श्रेष्ठी निदान सर्व्हे करून घेतात, तालुक्याचं गणित मांडतात, विरोधकाची माणसं फोडून आकडा पक्का करतात. इथल्या दिवाणखान्यात बसलेल्या श्रेष्ठींकडे असतो फक्त एक कल्पनेतला काका आणि त्याच्या डोक्यात भरलेले आपलेच पूर्वग्रह. 'काकांना बाई चालायची नाही' हे वाक्य फार सोयीचं आहे. दोष काकांचा, आपण नामानिराळे.

2019 च्या जूनमध्ये एका संस्थेने मतदारांना दोन प्रश्न विचारले होते. आज मत कुणाला द्याल? या प्रश्नावर बायडेन पुढे. मग विचारलं, जादूची कांडी फिरवून कुणालाही थेट अध्यक्ष करता आलं, निवडणूक जिंकण्याची भानगडच नाही, तर कुणाला कराल? आता वॉरन पुढे. माणसं तीच, मनही तेच, मधून फक्त काका वजा केले.

त्याच जूनमध्ये, 27 तारखेला, मायामीच्या डिबेटमध्ये कमला हॅरिस बायडेनकडे वळल्या होत्या. कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी बसने दूरच्या शाळेत जात होती, वंशभेद मोडणाऱ्या योजनेतून, आणि ती लहान मुलगी मी होते, असं म्हणाल्या. आमच्या घरात टाळ्या पडल्या. आई तमिळ, शास्त्रज्ञ, एकटीने पोरी वाढवलेल्या; त्यात आम्हाला आमच्यातल्याच कुणाची तरी गोष्ट दिसत होती. त्यानंतरचे दोन आठवडे चाचण्यांमध्ये त्या झरझर वर गेल्या, आणि मग तितक्याच मुकाट खाली आल्या. डिसेंबरात त्यांनी माघार घेतली तेव्हा आयोवासुद्धा व्हायचं होतं. त्यांच्या प्रचारात गोंधळ होते, विम्याबद्दल आज एक, उद्या एक बोलल्या, हे सगळं खरं. पण आमच्या ओळखीत ज्यांनी त्यांना सोडलं त्यांपैकी कुणीही विम्याचं कारण दिलं नाही. ते सगळे म्हणाले, ओबामांनंतर लगेच पुन्हा कृष्णवर्णीय, आणि तेही बाई? जमणार नाही.

जानेवारीत आयोवातल्या डी मॉइनच्या डिबेटमध्ये वॉरन यांनी यावर सरळ हिशेबच मांडला होता. या मंचावरच्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्या आहेत. लढवलेली प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या इथे दोघीच, एमी आणि मी. वाक्य बिनतोड. पण निवडून येण्याचा प्रश्न गणिताचा असता तर उत्तर मिळालं असतं ना.

सेंट अँसेल्मची ती रात्र शेवटी क्लोबुशार यांची झाली. लोकशाही समाजवादी माणूस (म्हणजे सँडर्स) पक्षाचा चेहरा झाला तर काळजी वाटते का, असं विचारल्यावर त्यांनी हात वर केला. ट्रंप यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी बघून लोकांना टीव्ही बंद करून कार्टून बघावंसं वाटतं, असं बूटिजज म्हणाले होते, त्यावरून त्यांना झोडपलं. व्हाइट हाउसमध्ये एक नवखा बसवलाय, काय झालं ते बघा, म्हणाल्या. आणि समारोपात रूझवेल्टची गोष्ट सांगितली. रूझवेल्टच्या शवपेटीची रेल्वे चाललेली, रुळांशेजारी टोपी छातीशी धरून एक माणूस रडतोय. बातमीदार विचारतो, तुमची अध्यक्षांशी ओळख होती? तो म्हणतो, मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ते मला ओळखत होते. मग क्लोबुशार कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, मी तुम्हाला ओळखते. घरात कुणी काही बोललं नाही. आणि मग तोच तो आवाज : "ही काकांना चालेल बरं का."

याच कॉलेजच्या मंचाने यापूर्वीही माणसं वरखाली केली आहेत. 2008 ला इथेच हिलरींच्या लोकांना आवडण्या-न आवडण्याचा विषय निघाला आणि ओबामा खाली बघत पुटपुटले, 'तू पुरेशी आवडण्यासारखी आहेस, हिलरी.' तीन दिवसांनी त्या न्यू हॅम्पशायर जिंकल्या. 2016 ला रिपब्लिकन पक्षाच्या डिबेटमध्ये मार्को रुबियोंनी पाठ केलेलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, ख्रिस ख्रिस्तींनी ते भर मंचावर दाखवून दिलं, आणि आदल्या आठवड्यात जोरात असलेले रुबियो थेट पाचवे आले. (ख्रिस्ती सहावे. दुसऱ्याचा बळी घेताना आपलं काही वाचेल असं नसतं.) आणि आमच्या नॅशुआच्या हायस्कुलात 1980 मध्ये, ध्वनिक्षेपक बंद करा म्हणणाऱ्या सूत्रसंचालकावर रेगन कडाडले होते, 'या मायक्रोफोनचे पैसे मी भरतोय, मिस्टर ग्रीन!' सूत्रसंचालकाचं आडनाव ब्रीन होतं. कुणाला फरक पडला नाही. आयोवात हरलेले रेगन इथे दणदणीत जिंकले. धोरणांवर त्या रात्री काय चर्चा झाली हे इथल्या जुन्या माणसांना विचारलं तर आठवत नाही, मायक्रोफोन आठवतो.

डिबेटने मत बदलतं का, यावर अभ्यासक वाद घालतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत फारसं बदलत नसावं. तिथे झेंडा आधीच ठरलेला. पण प्रायमरीत सगळे एकाच झेंड्याखालचे, माणसाचा जीव चार-पाच जणांत अडकलेला, तिथे एका रात्रीत पारडं फिरतं. 11 फेब्रुवारीला केंद्राबाहेर केलेल्या पाहणीत जवळपास निम्म्या मतदारांनी सांगितलं की निर्णय शेवटच्या काही दिवसांतच झाला. आणि दहापैकी साधारण सहा जणांना आपल्या विचारांच्या उमेदवारापेक्षा ट्रंपना हरवू शकेल असा उमेदवार हवा होता.

मी त्या निम्म्यांतली आणि त्या सहांतली. वॉरन यांची पाळणाघरांची योजना मला तोंडपाठ होती : कुठल्याही कुटुंबाला उत्पन्नाच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त खर्च यायला नको. आमच्या हातात तेव्हा पाळणाघराचं दरपत्रक होतं, त्यामुळे हा माझ्या दृष्टीने देशातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. तरी मत मी क्लोबुशारना दिलं. बाळाला आईकडे सोपवून, बाबांना बरोबर घेऊन गेले. यादीत पट्टी ठेवून नाव शोधणाऱ्या आजीबाई, पडद्याआडचा बोळ, कागदी मतपत्रिका, हे सगळं बाबा लांबून डोळे भरून बघत होते. शाई नाही म्हणून मात्र खट्टू झाले. मतपत्रिकेवर 33 नावं होती. हजार डॉलर भरले की कुणालाही उभं राहता येतं, आणि माघार घेतलेल्यांची नावंही तशीच छापलेली. त्यात कमला हॅरिस होत्या. त्यांच्या नावापाशी मी जरा रेंगाळले हे खरं.

निकाल लागला : सँडर्स, पाठोपाठ बूटिजज, आणि क्लोबुशार जवळपास 20 टक्क्यांवर तिसऱ्या. वॉरन आणि बायडेन दोघंही दहा टक्क्यांच्या खाली. बायडेन तर निकालाची वाट न बघताच साऊथ कॅरोलायनाला निघून गेले होते. फाटकाशी भेटलेल्या काकांना मी म्हटलं, तुमचे बायडेन पाचवे आले. ते म्हणाले, "मी शेवटी वॉरनला दिलं. तू म्हणालीस ना, तुम्हाला चालेल म्हणून."

मग लास व्हेगासची डिबेट झाली, तिथे वॉरन यांनी उशिरा मैदानात उतरलेल्या अब्जाधीश ब्लूमबर्गना पहिल्या दहा मिनिटांत आडवं केलं. त्या माणसाने जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतले होते आणि जिंकलं काय, तर पॅसिफिकमधलं चिमुकलं अमेरिकन समोआ. पण ज्यांनी आडवं केलं त्यांनाही त्याचा फायदा झाला नाही.

सगळं फिरलं ते साऊथ कॅरोलायनात. तिथले खासदार जिम क्लायबर्न 26 फेब्रुवारीला बायडेनच्या शेजारी उभे राहून म्हणाले, आपण 'जो'ला ओळखतो, पण महत्त्वाचं म्हणजे 'जो' आपल्याला ओळखतो. क्लोबुशार यांच्या रेल्वेच्या गोष्टीचाच गाभा हा. त्यांना तो तीन-चार दिवस पुरला, इथे मात्र त्यावर पूर्ण निवडणूक निघाली. कारण हे सांगणारा माणूस तीस वर्षं त्या लोकांच्या लग्नकार्याला, मयतीला जात होता. बायडेननी तिथे निम्म्याच्या आसपास मतं घेतली, ती मुख्यतः कृष्णवर्णीय मतदारांच्या जोरावर. हे मतदारही अंदाजच बांधत होते. पण गोरे लोक ऐनवेळी काय करतात याचा त्यांचा अंदाज काही पिढ्यांच्या अनुभवातून आलेला, तो मिसळ खाता खाता बांधलेला नव्हता. त्यांच्या काकांना ते प्रत्यक्ष ओळखत होते. त्यामुळे सगळ्या अंदाजांना एकाच तागडीत घालणं मला पटत नाही. दोन दिवसांत बूटिजज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडेनना पाठिंबा दिला. 3 मार्चला एकाच दिवशी मतदान झालेल्या 14 पैकी 10 राज्यं बायडेननी घेतली. त्यात आमच्या शेजारचं मॅसॅच्युसेट्सही होतं, जिथे वॉरन घरच्या मैदानावर तिसऱ्या आल्या. त्याच महिन्यात विमानं बंद झाली आणि बाबांचा मुक्काम लांबला. नोव्हेंबरात बायडेन पेनसिल्व्हेनिया जिंकले तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

यालाच मी जरा कचरते. 2004 ला याच न्यू हॅम्पशायरमध्ये गाड्यांवर स्टिकर होती : डीनबरोबर फिरलो, केरीशी लग्न केलं. (दोघंही त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक इच्छुक.) व्हिएतनाम युद्धात पदकं मिळवलेले केरी निवडून यायला सोपे, असं सगळ्यांचं ठाम मत. बुश जिंकले. 2016 ला ट्रंप निवडून येऊच शकत नाहीत, यावर दोन्ही पक्षांतले शहाणे एकमुखाने सहमत होते. अंदाज खरा ठरला की आपण त्याला शहाणपण म्हणतो, चुकला की काकांवर ढकलतो. आणि जिला निवडूनच येऊ दिलं नाही ती आली असती की नाही, हे तपासायची सोय कुठे आहे?

2024 ला तर आम्हाला अंदाज बांधायचीही संधी मिळाली नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने प्रायमरीची एकही डिबेट घेतली नाही. पक्षाने पहिला मान साऊथ कॅरोलायनाला दिला आणि आम्ही कायद्याप्रमाणे 23 जानेवारीला मतदान घेतलं, म्हणून बायडेन यांचं नावच आमच्या मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडलं, मीही लिहिलं. बाबांनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "यंदा डिबेट कधी?"

"नाही यंदा. विद्यमान अध्यक्ष आहेत ना."

"अगं, आमच्याकडे विद्यमानांचीही तिकिटं कापतात."

27 जूनला, मायामीच्या त्या रात्रीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, बायडेन अटलांटात ट्रंपसमोर उभे राहिले. त्यांचं जे अडखळणं जानेवारीत दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. 21 जुलैला त्यांनी माघार घेतली, आणि एबी फॉर्म गेला कमला हॅरिस यांच्याकडे, ज्यांच्या नावावर त्या मोसमात एकाही राज्यातल्या मतदाराने खूण केली नव्हती. पेनसिल्व्हेनिया हातचं गेलं. न्यू हॅम्पशायर राहिलं.

आता 2028 ची कुजबुज सुरू झालीये. मागे आमच्याकडे मंडळी जेवायला होती, गव्हर्नरांची नावं निघाली. कॅलिफोर्नियाचे न्यूसम, इलिनॉयचे प्रिट्झकर, आणि शापिरो, जे साक्षात पेनसिल्व्हेनियाचे, म्हणजे काकांना वेगळा निरोप धाडायला नको. मी मिशिगनच्या ग्रेचन व्हिटमर यांचं नाव घेतलं. कोशिंबीर वाढता वाढता मैत्रीण म्हणाली, "चांगलीच आहे गं. पण आता पुन्हा बाई नको." त्या संध्याकाळी हे म्हणणारी ती तिसरी बाई. पुरुषांपैकी कुणी अजून तोंड उघडलं नव्हतं.